भाड्याच्या दोन खोल्या आणि आयुष्याची पुंजी

शिक्षक वा कारकून निवृत्तीच्या उंबरठ्यावर आला, की भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेचे काय करावे, हा प्रश्न घरात उभा राहतो. वरणगावसारख्या गावात त्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते : दोन खोल्या बांधाव्यात, भाडे येत राहील. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. घर भाड्याने देणे हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे आणि त्याचा हिशेब विटा येऊन पडण्यापूर्वीच मांडावा लागतो.

पहिला प्रश्न भाडेकरूचा. १९६४ साली येथे आयुध निर्माणी सुरू झाली आणि शेतीवर जगणाऱ्या गावात पगारी नोकरवर्ग आला. भुसावळचे रेल्वे जंक्शन आणि दीपनगरचे औष्णिक वीज केंद्रही जवळच. त्यामुळे मागणीला तोटा नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण निर्माणीची स्वतःची वसाहत आहे. तेथे ज्याला निवासस्थान मिळते, तो गावात भाड्याने कशाला राहील? शिवाय १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या आणि वरणगावची निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. एकाच कारखान्याच्या नोकरभरतीवर पुढील पंधरा वर्षांच्या भाड्याची आशा बांधणे शहाणपणाचे नव्हे.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. उदाहरणादाखल असे समजू, की नवे घर १२ लाखांत पडले आणि भाडे दरमहा ४,५०० रुपये ठरले. वर्षाचे ५४,००० होतात. त्यातून एक महिना घर रिकामे राहिल्याचे ४,५०० आणि घरपट्टी व दुरुस्तीचे ७,५०० वजा केले, तर ४२,००० उरतात. म्हणजे साडेतीन टक्के. बँकेने सहा टक्के व्याज दिले, तर तीच रक्कम ७२,००० रुपये देईल. घराची किंमत आणि भाडे कालांतराने वाढते, हे खरे. पण निवृत्ताला दरमहा किराणा भरायचा असतो. याउलट, स्वतःच्या घरावरच ५ लाखांत दोन खोल्या चढविल्या आणि भाडे तेवढेच आले, तर उत्पन्न आठ टक्क्यांच्या वर जाते. नवख्याने सुरुवात अशी करावी. मात्र तापीकाठच्या काळ्या जमिनीत जुना पाया वरचा भार पेलेल का, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे आणि नगर परिषदेची परवानगी काढावी. खानदेशच्या उन्हाळ्यात तापणाऱ्या स्लॅबखाली भाडेकरू टिकायचा, तर पाण्याची आणि सावलीची सोयही हवी.

तिसरा प्रश्न कागदाचा. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठविली आणि मालकांच्या मनात भाडेकरूविषयी कायमची धास्ती बसली. त्याची जागा घेणारा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि तो नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरविण्याचे ओझे मालकावर पडते. लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपूनही राहती जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. ‘ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला?’ हा भिडस्तपणा म्हणूनच महागात पडतो.

भाड्याचे उत्पन्न दडविण्याचेही कारण नाही. प्राप्तिकरात, मालकाने भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. दुरुस्तीच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत.

तात्पर्य, भाड्याचे घर हे म्हातारपणाचा आधार होऊ शकते. मात्र सारी पुंजी त्यात ओतू नये, आणि कर्ज काढायचे तर सहा महिने घर रिकामे राहिले तरी हप्ता भरता येईल एवढेच काढावे. तरुणपणी चुकलेला हिशेब पुढच्या पगारातून दुरुस्त करता येतो. निवृत्तीनंतर तो अवसर राहत नाही.