जाड स्प्रिंगा टाकण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या

उज्जैनच्या काळभैरवाचं देऊळ ज्या भैरवगढमध्ये आहे, तिथून क्षिप्राकाठच्या शेतांकडे वळलं की माळव्याची काळी माती सुरू होते. उन्हाळ्यात भेगा, पावसात चिखल. अशा वाटेवर गाडी खाली टेकायला लागली की पहिला सल्ला ठरलेला: ‘जाड स्प्रिंगा टाका, दोन इंच वर घ्या.’ आपल्या सीमाभागातही हेच ऐकू येतं. सल्ला देणारा एक प्रश्न मात्र विचारत नाही: गाडीत रोज वजन किती असतं?

स्प्रिंगचं काम गाडी उंच ठेवणं एवढंच नाही. खड्ड्यात चाक खाली जाऊन जमिनीला टेकलेलं राहिलं पाहिजे. स्प्रिंग गरजेपेक्षा कडक असेल तर रिकाम्या गाडीचं चाक उडतं, मग चिखलात पकड सुटते आणि ब्रेकही नीट लागत नाही.

आधी आपल्या गाडीला काय आहे ते बघा. जुन्या जिप्सीला पुढे-मागे पाटे. बोलेरोला पुढे गुंडाळीची स्प्रिंग, मागे पाटे. २०२० च्या थारला आणि २०२१ च्या गुरखाला चारही बाजूंना गुंडाळीच्या स्प्रिंगा.

आता मोजमाप. गाडी रिकामी असताना वजनकाट्यावर पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळी तोला. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची सपाट जागेवर टेपने लिहून घ्या. मग नेहमीचं सामान आणि माणसं भरून तेच पुन्हा करा. रिकामी असतानाच एक बाजू बसलेली असेल तर स्प्रिंग थकलीय किंवा पाटा तुटलाय. तिथे कंपनीच्याच मापाची नवी जोडी पुरते.

समजा, मागे २०० किलो वाढले, म्हणजे एका चाकावर १००. त्याने गाडी ५ सेंटीमीटर बसली, तर चाकापाशी स्प्रिंगचा जोर सेंटीमीटरला २० किलो झाला. हीच बसण ४ सेंटीमीटरवर आणायची तर जोर २५ किलो हवा, म्हणजे पाव पटीने जास्त.

इथेच बहुतेकांचं चुकतं. गुंडाळीच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वेढे आणि व्यास तेच ठेवून तार फक्त ६ टक्के जाड केली की पाव पट कडकपणा मिळतो. १० टक्के जाड केली तर तो ४६ टक्के वाढतो! पाट्यांचं गणित सोपं: सारख्या पाच पाट्यांत तसाच सहावा घातला तर साधारण २० टक्के वाढ. आणि वेढा कापून स्प्रिंग मऊ होते हा गैरसमज आहे. वेढे कमी झाले की ती आखूडही होते आणि कडकही.

स्प्रिंग बदलली की शॉकअपही बघा. उसळी रोखायचं काम त्याचं. जुना शॉकअप नव्या कडक स्प्रिंगला आवरत नाही, गाडी डोलत राहते. उंची वाढवली असेल तर ब्रेकचे पाइप ताणले जात नाहीत ना, हे चाक पूर्ण खाली लोंबकळत ठेवून तपासा. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर गाडीच्या उंचीवर ठरतो, तो व्हॉल्व्ह पुन्हा जुळवावा लागतो. अलाइनमेंट आणि हेडलाइट विसरू नका.

कायद्याचंही भान ठेवा. कंपनीच्या मूळ रचनेत नियमाबाहेरचा बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. काम काढण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीलाही कळवा.

वर्षातून दोनदा येणाऱ्या जड ओझ्यासाठी स्प्रिंग निवडू नका. त्या दिवशी दोन फेऱ्या करा. उरलेले दिवस जे वजन गाडीत असतं, स्प्रिंग त्याच्यासाठी.