विश्लेषण : कार्यालयातील ‘ध्वनिपडदा’ आणि त्याचे घड्याळ, बोलणे सर्वाधिक उघडे पडते ते कामाची वेळ संपल्यावर

रायपूर : रायपूरमध्ये ‘आवाज’ हा शब्द उच्चारला की प्रथम आठवतो तो मिरवणुकीतील डीजे. या गोंगाटाची बिलासपूर येथील छत्तीसगड उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ध्वनिप्रदूषण हा राज्यात सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. अशा शहरात कार्यालयाच्या छतामध्ये ध्वनिक्षेपक बसवून मुद्दाम आवाज सोडण्याची कल्पना विचित्र वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नव्या पद्धतीच्या मोकळ्या, भिंतीविरहित कार्यालयांमध्ये हाच मंद आवाज खासगी बोलण्याचे रक्षण करतो. या यंत्रणेला ‘साउंड मास्किंग’ म्हणजेच ध्वनिआच्छादन म्हणतात. ती दिवसाच्या कोणत्या वेळी किती प्रमाणात चालावी हे ठरविणारा टायमर हा तिचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. तो चुकीचा लावल्यास यंत्रणा असूनही नसल्यासारखी होते.

मोकळ्या कार्यालयाची अडचण

भिंती काढून टाकलेल्या कार्यालयाची कल्पना १९५० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम जर्मनीत श्नेले बंधूंनी रुजविली. पुढे ती जगभर पसरली. जागा वाचली, सहकारी एकमेकांना दिसू लागले. मात्र प्रत्येकाचे बोलणेही सर्वांना ऐकू येऊ लागले. बँकेतील कर्जदाराची अडचण, मनुष्यबळ विभागात मांडलेली तक्रार, विमा कार्यालयात सांगितलेला आजार, वकिलाशी फोनवर झालेले बोलणे या सर्व गोष्टी शेजारच्या टेबलापर्यंत पोहोचतात. लेखी माहितीला कुलूप लावता येते, संगणकाला संकेतशब्द देता येतो. उच्चारलेल्या शब्दाला मात्र कुलूप नसते.

ध्वनिआच्छादन हे बोलणे थांबवीत नाही, ते फक्त अस्पष्ट करते. भाषणात स्वरांमध्ये जोर असतो, तर अर्थ मुख्यतः व्यंजनांमध्ये असतो. दूरवरून केवळ ‘आम’ एवढाच ध्वनी ऐकू आला तर बोलणारा ‘काम’ म्हणाला, ‘दाम’ म्हणाला की ‘नाम’, हे कळत नाही. ‘क’, ‘त’, ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने ज्या उच्च वारंवारतेत असतात, विशेषतः १,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात, तेथे वाऱ्याच्या झुळुकीसारखा सलग आवाज मिसळला की वाक्याचा अर्थ हरवतो आणि कान त्याकडे लक्ष देणे सोडून देतो. या आवाजाची पातळी मोकळ्या कक्षात साधारणतः ४५ ते ४८ डेसिबल, तर बंद खोलीत ४० ते ४२ डेसिबल ठेवली जाते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. हा आवाज त्याहूनही मंद असतो आणि इमारतीबाहेर जात नाही.

गणित काय सांगते

टायमरचे महत्त्व समजण्यासाठी एक साधे गणित पुरेसे आहे. सामान्य बोलण्याची पातळी १ मीटर अंतरावर सुमारे ६० डेसिबल असते. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. त्यामुळे ८ मीटरवर तो ४२ डेसिबल राहतो. बंद कक्षात भिंती व छतावरून परावर्तन होत असल्याने याहून थोडा अधिकच. दिवसा ४५ डेसिबलचे आच्छादन चालू असेल तर ८ मीटरवरचे बोलणे पार्श्वभूमीच्या खाली जाते. संध्याकाळी वातानुकूलन बंद झाले, माणसे निघून गेली आणि टायमरने आच्छादनही बंद केले, तर कक्षातील शांतता ३५ डेसिबलपर्यंत उतरते. आता तेच ४२ डेसिबलचे बोलणे पार्श्वभूमीपेक्षा ७ डेसिबल वर असते आणि शब्दन् शब्द ऐकू येतो.

तात्पर्य, बोलणे सर्वाधिक दूर जाते ते गजबजलेल्या कार्यालयात नव्हे, तर जवळपास रिकाम्या कार्यालयात. नेमक्या याच वेळी वरिष्ठ अधिकारी थांबून नाजूक विषयांवर चर्चा करतात. ‘कामाची वेळ संपली, यंत्रणा बंद’ असा टायमर लावणारा तंत्रज्ञ नकळत सर्वांत मोलाच्या वेळी पडदा उघडून ठेवतो. म्हणूनच टायमर भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे न लावता माणसांच्या प्रत्यक्ष वावराप्रमाणे लावावा, हे या विषयातील पहिले सूत्र आहे.

टायमर मग हवाच कशाला, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याची कारणे तीन. रात्री सुरक्षारक्षकाला काच फुटण्याचा किंवा पाणी गळण्याचा आवाज ऐकू यावा. पूर्ण रिकाम्या कक्षात एकट्याने काम करणाऱ्याला तोच आवाज अधिक जाणवतो, त्यामुळे तो थोडा उतरवावा. आणि बदल इतका हळू व्हावा की तो कोणाच्या लक्षातच येऊ नये. वीजबचत हे कारण जवळपास नाहीच. एका एसीच्या तुलनेत या यंत्रणेचा वापर नगण्य असतो.

कोणता टायमर निवडावा

बाजारात प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात. पहिला यांत्रिक तबकडीचा. त्यात १५ मिनिटांची एक याप्रमाणे दिवसाच्या ९६ खुंट्या असतात. हा स्वस्त आहे, परंतु यातील साध्या टायमरची तबकडी वीज गेली की थांबते. दोन तास वीज नसेल तर तबकडी दोन तास मागे पडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ऐवजी १० वाजता यंत्रणा सुरू होते. दुसरा प्रकार वितरण पेटीतील पट्टीवर बसणारा अंकीय साप्ताहिक टायमर. त्यात बॅटरी असल्याने वीज गेली तरी वेळ टिकून राहते. तिसरा आणि सर्वोत्तम पर्याय म्हणजे आच्छादन यंत्रणेच्या नियंत्रकातच असलेले वेळापत्रक. पहिले दोन प्रकार केवळ चालू-बंद करू शकतात, तर नियंत्रक पातळी हळूहळू चढवू आणि उतरवू शकतो. रस्त्यावरील दिव्यांसाठी वापरले जाणारे सूर्योदय-सूर्यास्तावर चालणारे टायमर येथे निरुपयोगी ठरतात.

बाहेरचा टायमर वापरावाच लागला तर त्याद्वारे यंत्रणेचा वीजपुरवठा तोडू नये. अचानक तुटलेला आवाज सर्वांचे लक्ष वेधतो आणि ध्वनिक्षेपकांतून ‘टप्’ असा धक्का येतो. त्याऐवजी टायमरच्या रिलेचा संपर्क नियंत्रकाच्या ‘रात्रपातळी’च्या इनपुटला जोडावा.

जोडणी : बिघडला तरी पडदा राहावा

जोडणीचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि त्यापूर्वी संबंधित एमसीबी बंद करून वीज नसल्याची परीक्षकाने खात्री करावी. रिलेला तीन टोके असतात : एक सामाईक, एक सामान्यतः उघडे आणि एक सामान्यतः बंद. कोणते टोक वापरायचे याचा निर्णय एका प्रश्नावर अवलंबून असतो : टायमर बिघडला तर काय व्हावे? गोपनीयता जपणाऱ्या यंत्रणेत उत्तर स्पष्ट आहे, आच्छादन दिवसाच्या पातळीवर राहावे. म्हणून टायमर कार्यरत झाल्यावरच रात्रपातळी लागू होईल आणि तो मृत झाल्यास दिवसाची पातळी कायम राहील, अशी जोडणी करावी.

याला एकच अपवाद आहे आणि तो सर्वोच्च आहे. आगीची सूचना देणारी यंत्रणा सुरू होताच आच्छादन तत्काळ बंद झाले पाहिजे. ही जोडणी टायमरवर अवलंबून नसावी. ती स्वतंत्र आणि थेट असावी. बसवून झाल्यावर तिची प्रत्यक्ष चाचणी घेऊन नोंद ठेवावी.

घड्याळ आधी, वेळापत्रक नंतर

परदेशी बनावटीच्या नियंत्रकांत दोन चुका नेहमी राहून जातात. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. पाच किंवा सहा तास निवडल्यास संपूर्ण वेळापत्रक अर्ध्या तासाने सरकते. दुसरे म्हणजे अमेरिका व युरोपमध्ये उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे नेले जाते. भारतात तशी पद्धत नसल्याने ही सुविधा बंद करावी, अन्यथा मार्चमध्ये सर्व काही एक तासाने बिघडते. भारतीय प्रमाणवेळ ज्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे तो छत्तीसगडमधूनच जातो. तरीही यंत्राला आपली वेळ आपोआप कळत नाही, ती सांगावी लागते. नियंत्रक इंटरनेटला जोडलेला असल्यास दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळसेवेशी तो जुळवून घ्यावा. जोडलेला नसल्यास दर तीन महिन्यांनी वेळ तपासावी. दिवसाला एका सेकंदाची चूक वर्षाअखेरीस सहा मिनिटांची होते.

यानंतर आठवडा ठरवावा. छत्तीसगड शासनाने २०२२ मध्ये पाच दिवसांचा आठवडा लागू करताना कार्यालयीन वेळ सकाळी १० ते सायंकाळी ५:३० अशी ठेवली. महाराष्ट्रात २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा असून तेथे ही वेळ सकाळी ९:४५ ते सायंकाळी ६:१५ ठरविण्यात आली. बँकांना २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुटी असते, परंतु पहिला, तिसरा व पाचवा शनिवार कामाचा असतो. केवळ वार पाहणाऱ्या साध्या साप्ताहिक टायमरला हा भेद कळत नाही. बँकेसाठी म्हणूनच सर्व शनिवार कामाचे धरणे सुरक्षित होय.

सकाळी १० ते ५:३० या वेळेच्या कार्यालयासाठी उदाहरणादाखल वेळापत्रक असे असू शकते. सकाळी ८ वाजता पातळी चढू लागावी आणि ९ वाजता पूर्ण व्हावी, म्हणजे पहिला कर्मचारी येण्यापूर्वी पडदा तयार असतो. पूर्ण पातळी रात्री ८ पर्यंत राहावी. ८ ते ९ या तासात ती ६ डेसिबलने उतरावी. सुमारे १० मिनिटांत १ डेसिबल एवढा हा बदल कानाला जाणवत नाही. रात्रीही आच्छादन पूर्ण बंद न करता या खालच्या पातळीवर ठेवावे. उशिरापर्यंत थांबणाऱ्यांसाठी भिंतीवर एक बटण द्यावे, जे दाबल्यावर दोन तास पूर्ण पातळी मिळेल.

सुट्ट्यांची यादी स्थानिक असावी. पुण्या-मुंबईच्या मुख्य कार्यालयातून पाठविलेल्या यादीत १९ फेब्रुवारीची शिवजयंती असते, परंतु हरेली व तीजा नसतात. रायपूरच्या शाखेत शिवजयंतीला नेहमीचे काम चालू असेल आणि यंत्रणा सुटी समजून रात्रपातळीवर राहिली, तर दिवसभराचे बोलणे उघडे पडते.

नवतपा आणि डिसेंबर

रायपूरचा उन्हाळा प्रखर असतो. मे महिन्याच्या अखेरीस, नवतप्याच्या दिवसांत, एसी अखंड चालतात आणि त्यांचा घरघराट स्वतःच एक आच्छादन असतो. त्या काळात यंत्रणा बसविली तर मोजमाप फसवे ठरते. समजा, एसीचा आवाज ४४ डेसिबल आहे आणि तंत्रज्ञाने एकूण पातळी ४६ डेसिबल केली. तर आच्छादनाचा स्वतःचा वाटा जेमतेम ४२ डेसिबलचा असतो. डिसेंबरमध्ये एसी बंद होतात आणि एकूण पातळी चार डेसिबलने घसरते. ‘उन्हाळ्यात चांगले चालत होते, आता सगळे ऐकू येते’ या तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते. त्यामुळे पातळी एसी बंद ठेवून मोजावी, अथवा वेळापत्रकात उन्हाळा व हिवाळा असे दोन स्वतंत्र संच ठेवावेत.

नवी यंत्रणा पहिल्याच दिवशी पूर्ण पातळीवर सुरू करू नये. आरंभी ती कमी ठेवून दोन ते चार आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावी. कर्मचाऱ्यांना मात्र पूर्वकल्पना अवश्य द्यावी. काही आधुनिक यंत्रणांत पातळी मोजण्यासाठी सूक्ष्म ध्वनिग्राहक असतात. ते बोलणे साठवितात की नाही हे लेखी स्पष्ट करावे. ज्यांना कमी ऐकू येते त्यांना पार्श्वध्वनीत संभाषण कठीण जाते; त्यांच्यासाठी वेगळी पातळी असलेला कक्ष राखून ठेवावा.

शेवटची कसोटी

काम पूर्ण झाल्यावर कसोटी यंत्राने तर घ्यावीच, कानानेही घ्यावी. आयएसओ ३३८२-३ हे आंतरराष्ट्रीय मानक शब्दांची स्पष्टता ०.५० या निर्देशांकाखाली किती अंतरावर जाते ते मोजते. हे अंतर ५ मीटरपर्यंत असल्यास कार्यालय चांगले, १० मीटरपेक्षा अधिक असल्यास वाईट, असे या मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत सुचविले होते. हे मोजमाप महाग वाटल्यास साधा उपाय आहे. एकाने टेबलाशी बसून नेहमीच्या आवाजात अनोळखी आकडे वाचावेत आणि दुसऱ्याने ८ मीटरवर बसून ते लिहावेत. ही चाचणी दुपारी १२ वाजता घ्यावी आणि संध्याकाळी ७ वाजता पुन्हा घ्यावी. दुपारी न कळलेले आकडे संध्याकाळी अचूक लिहिले गेले, तर यंत्रणा ठीक असून टायमर चुकीचा आहे, असे समजावे.