एलडीएचचा पत्ता

नागपूरच्या धंतोलीत पत्ता विचारायचा तर दवाखान्याच्या नावानंच विचारावा लागतो. गल्लीगणिक पॅथॉलॉजी, औषधांची दुकानं, स्कॅन सेंटर आणि गाडी लावायला जागा शोधणारी भंडारा-गडचिरोलीकडची माणसं. अशाच एका लॅबच्या बाकावर शेजारच्या काकांनी कागद पुढे केला. "भाऊ, हे एलडीएच का असते जी? नातवाचं डोकं लई दुखते, अन् हे वाढलं म्हणते."

लॅक्टेट डिहायड्रोजनेज, एलडीएच, हे एन्झाइम चार तुकड्यांचं असतं. तुकडे दोन तऱ्हांचे: हृदयात मुबलक असणारा एच आणि स्नायूंतला एम. चार जागांत त्यांची वाटणी पाच प्रकारे होते, म्हणून एलडीएच-१ ते एलडीएच-५. काम एकच, पायरुव्हेट आणि लॅक्टेट यांची अदलाबदल. अशा भावंडांना 'आयसोझाइम' हे नाव मार्कर्ट आणि म्योलर यांनी १९५९ मध्ये दिलं.

मेंदूत पाचही भावंडं भेटतात, पण सगळ्या घरांत सारखी नाहीत. १९९४ मध्ये पेलेरां आणि माजिस्त्रेत्ती यांनी असं मांडलं की चेतापेशींच्या शेजारच्या ॲस्ट्रोसाइट पेशी ग्लुकोजपासून लॅक्टेट तयार करतात आणि चेतापेशी ते इंधन म्हणून वापरतात. दोनच वर्षांनी माणसाच्या मेंदूच्या कापांत एलडीएच-५ ॲस्ट्रोसाइटमध्ये दिसलं, चेतापेशींत मात्र एलडीएच-१. म्हणजे एक लॅक्टेट बनवणारं, दुसरं वापरणारं. चित्र फारच सुबक, आणि मला तिथेच शंका येते. एन्झाइम प्रक्रियेचा वेग वाढवतं, तिचा समतोल हलवत नाही. घरात कोणतं भावंड राहतं यावरून माल आत येतो की बाहेर जातो, हे ठरत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही.

ग्लुकोज वापरायची पहिली पायरी सांभाळणाऱ्या हेक्सोकायनेजची गोष्ट अधिक पक्की. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण निवांत बसलेल्या माणसाचा २० टक्के ऑक्सिजन तोच खातो. त्याचं हेक्सोकायनेज-१ मायटोकाँड्रियाच्या बाहेरच्या भिंतीला चिकटून बसतं, म्हणजे एटीपी तयार होतं तिथेच. उपाशीपोटी रक्तात जेवढं ग्लुकोज असतं, त्याच्या शंभराव्या हिश्श्यावरही ते निम्म्या वेगानं चालतं. यकृतातल्या ग्लुकोकायनेजला तोच वेग गाठायला मधुमेह्याच्या रिपोर्टात शोभेल एवढी साखर लागते. हे खवय्ये भावंड मेंदूतही आहे, पण हायपोथॅलॅमसच्या काही पेशींत. तिथे ते पोट भरायला नव्हे, साखर मोजायला बसलंय.

ग्लुकोज फोडणाऱ्या याच साखळीतलं अल्डोलेज-सी लहान मेंदूच्या पर्किंजे पेशींत पट्ट्यापट्ट्यांनी असतं. एक पट्टा भरलेला, शेजारचा जवळपास रिकामा.

याच साखळीतलं मला सगळ्यांत आवडतं ते इनोलेज. ॲस्ट्रोसाइटमध्ये त्याचं अल्फा रूप, प्रौढ चेतापेशींत गॅमा. पण चेतापेशीला गॅमा जन्मतः मिळत नाही. विभाजनाच्या, स्थलांतराच्या काळात ती अल्फावरच भागवते. मुक्कामाला पोचून जोडण्या करू लागली की गॅमाकडे वळते. बिऱ्हाड लागल्यावर दारावर पाटी लावावी, तसं. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या बेशुद्ध रुग्णाच्या रक्तात डॉक्टर हीच पाटी शोधतात, एनएसई (न्यूरॉन-स्पेसिफिक इनोलेज) या नावानं. युरोपच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ४८ किंवा ७२ तासांनी ते लिटरला ६० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ते एक वाईट लक्षण. अर्थात इतर तपासण्यांच्या जोडीनंच.

पण पाटी उसनीही असते. एनएसई तांबड्या पेशींतही आहे. नमुन्यातल्या पेशी फुटल्या, सीरम गुलाबी झालं, की आकडा खोटा चढतो. एलडीएच-१ आणि २ तर हृदय, मेंदू आणि तांबड्या पेशी या तिघांच्याही घरी. विदर्भात हे विसरून चालत नाही. शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं ते १९५८ मध्ये. या आजारात तांबड्या पेशी अंगातच फुटत राहतात, आणि एलडीएच वाढलेलंच असतं.

काकांना मी यातलं थोडंसंच सांगितलं. ते म्हणाले, "सिकलसेल आहे जी त्याले. मंग हे डोक्याचं नाही ना?"

एलडीएच कुठल्या घरातून आलं, ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. "डॉक्टरले आधी सिकलसेलचंच सांगजा," एवढं म्हणेपर्यंत त्यांचा नंबर पुकारला गेला.