फोन तोच, मग उशीर का?

जुलै २०१२ मध्ये गूगलने 'गॅलेक्सी नेक्सस' या स्मार्टफोनसाठी अँड्रॉइड आज्ञावलीची ४.१ ही आवृत्ती पाठविली. जीएसएम पद्धतीच्या फोनांना ती लगेच मिळू लागली. अमेरिकेतील व्हेरायझन कंपनीच्या ग्राहकांना मात्र सप्टेंबर उजाडला. ते चिडले, यात नवल नाही!

फोनमधील रेडिओ मनोऱ्यांशी सतत संदेशांची देवाणघेवाण करतो. व्हेरायझनची सीडीएमए पद्धत निराळी, म्हणून तिच्या फोनची आज्ञावलीही थोडी निराळी होती. तीत चूक राहिली, तर ९११ हा संकटकाळचा क्रमांकदेखील लागायचा नाही. म्हणून कंपनी आधी स्वतः चाचणी घेई. चाचणी हवीच, पण अडकलेली दुरुस्ती सुरक्षेतील भोक बुजविणारी असेल, तर तेवढे दिवस चोराला वाट मोकळी! मे २०१६ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने मोबाइल कंपन्यांना पत्रे पाठवून नेमकी अशा दुरुस्त्यांबद्दलच विचारणा केली.