भिंत कुणाची, चित्र कुणाचे?

'ग्राफिटी' हा शब्द मूळचा इटालियन. त्याचा अर्थ ओरखडा. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगराच्या भिंतींवर असे हजारो मजकूर सापडले आहेत. त्यांत निवडणुकीचा प्रचार आहे, प्रेमाच्या कबुल्या आहेत, हिशेब आहेत आणि शिव्याही आहेत. हे सारे दोन हजार वर्षे टिकावे, अशी अपेक्षा लिहिणाऱ्यांपैकी कुणी केली नसेल. ज्वालामुखीचा उद्रेक झाला नसता, तर पुढच्या एखाद्या रंगसफेदीतच ते नाहीसे झाले असते.

अल्पायुष्य हे असे भित्तिलेखनाच्या जन्मापासूनचे लक्षण आहे. मग जे टिकणारच नाही त्याला कलाकृतीचा मान द्यावयाचा काय? आणि द्यावयाचा, तर ते पुसण्याचा अधिकार कुणाचा? या प्रश्नांचा कस अलीकडे न्यूयॉर्कच्या न्यायालयात लागला. ती हकिगत आपण विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगी आहे.

आजची ग्राफिटी ज्या रूपात आपण ओळखतो, ते रूप तिला प्रामुख्याने फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क या शहरांत मिळाले. १९७१ च्या जुलै महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'टाकी १८३' अशी सही जागोजाग करीत फिरणाऱ्या एका तरुणावर वृत्तान्त छापला. त्यानंतर अशा सह्यांना ऊत आला. भुयारी रेल्वेचे डबे हा या मंडळींचा आवडता फलक. चित्र एका जागी लावून ठेवायचे आणि लोकांनी ते पाहायला यायचे, ही रीतच येथे उलटी झाली. चित्रच शहरभर हिंडू लागले. रेल्वेच्या लेखी हा निव्वळ गुन्हा होता. डबे धुतले जात, पुन्हा रंगवले जात, पुन्हा धुतले जात. अखेर मे १९८९ मध्ये चित्रे असलेली शेवटची गाडी सेवेतून काढून घेण्यात आली.

पुढे याच शहराच्या क्वीन्स भागात कारखान्याच्या एका जुन्या इमारतीला वेगळे भाग्य लाभले. इमारतीचे मालक जेरी वोल्कॉफ यांनी भिंती रंगविण्यास परवानगी दिली. २००२ पासून जोनाथन कोहेन हा चित्रकार तेथील व्यवस्था पाहू लागला. शहराच्या पाच विभागांवरून जागेचे नाव पडले 'फाइव्ह पॉइंट्झ'. कुणी कोणत्या भिंतीवर काढावे, कोणते चित्र किती दिवस ठेवावे, हे कोहेन ठरवी. काही चित्रे वर्षानुवर्षे राहत, तर काही थोड्याच दिवसांत दुसऱ्या चित्राखाली जात. त्याबद्दल कुणाची तक्रार नसे, कारण तो तेथला नियमच होता. उन्नत मार्गावरून जाणाऱ्या सात क्रमांकाच्या गाडीतील उतारूंना ही सारी भिंत दिसे. तिकीट नाही, दरवान नाही, असे ते एक प्रदर्शनच होते.

२०१३ मध्ये मालकाने इमारत पाडून तेथे निवासी मनोरे उभारावयाचे ठरविले. चित्रकारांनी न्यायालयात धाव घेतली. मनाईहुकूम देण्यास न्यायाधीश फ्रेडरिक ब्लॉक यांनी नोव्हेंबरात नकार दिला आणि सविस्तर कारणे लवकरच लेखी देऊ, असे सांगितले. ती कारणे हाती पडण्यापूर्वीच, १९ नोव्हेंबरच्या रात्री, मालकाने पांढरा रंग मारून चित्रे झाकून टाकली. वस्तुतः इमारत पाडण्याचे परवाने तोपर्यंत मिळालेले नव्हते. पाडकाम झाले ते २०१४ मध्ये. चित्रांची छायाचित्रे घेण्यास किंवा काढता येण्याजोगी चित्रे काढून नेण्यास चित्रकारांना सवड मिळाली नाही.

अमेरिकेत १९९० चा एक कायदा आहे. मान्यताप्राप्त दर्जाची कलाकृती नष्ट होऊ न देण्याचा हक्क त्यान्वये कलावंताला मिळतो. कलाकृती इमारतीपासून सुटी करता येत असेल, तर मालकाने लेखी सूचना देऊन नव्वद दिवस थांबावयाचे असते. २०१८ च्या फेब्रुवारीत न्या. ब्लॉक यांनी एकवीस कलावंतांच्या पंचेचाळीस कृतींबद्दल प्रत्येकी दीड लाख, म्हणजे एकूण साडेसदुसष्ट लाख डॉलर्स भरपाई मंजूर केली. त्यांच्या निकालातील एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. मालकाने परवाने मिळेपर्यंत थांबून मग इमारत पाडली असती, तर त्याने जाणूनबुजून कायदा मोडला असे आपण मानले नसते, असे त्यांनी नमूद केले. इमारत पडणार हे चित्रकारांनाही ठाऊक होते. दंड झाला तो पुसण्याच्या रीतीबद्दल.

अपिलात मालकाचे म्हणणे असे की, मुळातच तात्पुरत्या असलेल्या चित्रांना दर्जा कसला? २०२० मध्ये अपील न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. कलाकृती किती काळ टिकावी याची अट कायद्यात नाही, असे सांगून न्यायालयाने ख्रिस्तो व जान-क्लोद या दांपत्याच्या 'द गेट्स'चा दाखला दिला. २००५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये केशरी कापडाची साडेसात हजार तोरणे सुमारे दोन आठवडे उभी होती आणि मग ती उतरविण्यात आली. म्हणून त्यांना कुणी कमी लेखले नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही मालकाचा अर्ज दाखल करून घेतला नाही.

दुसरी बाजूही विचारात घ्यावयास हवी. ज्याने उदारपणे भिंत दिली त्यालाच भुर्दंड बसला, तर उद्या भिंत कोण देईल? शिवाय कायद्यात लेखी हक्कत्यागाची सोय आहे. मालक आधी कागदावर सही मागतील आणि नवख्या चित्रकाराला ती करावी लागेल. हा आक्षेप पोकळ नाही. परंतु त्याचे उत्तर आधी मोकळेपणाने करार करणे हे आहे. रात्रीतून भिंत पांढरी करणे हे नव्हे.

आपल्या देशातही असा एक खटला झाला. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे भव्य कांस्य भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होते. १९७९ मध्ये ते काढून गोदामात टाकण्यात आले व त्यात त्याची मोडतोड झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष शिल्पकाराला परत करण्याचा व पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. तेथे शिल्प सरकारचे, भवनही सरकारचे. तरीही निर्मात्याचे त्या कृतीशी असलेले नाते विकत घेतले जात नाही, हे तत्त्व मान्य झाले.

खरे पाहता हे तत्त्व समजण्यास आपल्याला न्यायालयापर्यंत जावयास नको. अंगणातली रांगोळी उद्या पुसली जायचीच असते. म्हणून कुणी तिच्यावर पाय देत नाही. वळसा घालूनच जातो. उद्या ती पुसून नवी काढण्याचा मान घरच्या बाईचा. आपल्या महाविद्यालयातील भित्तिपत्रकाचेही तसेच. नवा अंक लागला की जुना उतरतो आणि त्याचे वाईट कुणाला वाटत नाही. पण त्यातला एखादा लेख रुचला नाही म्हणून कुणी तो अंक मुदतीआधी रात्री फाडून नेला, तर तो 'एरवीही उतरणारच होता' हे समर्थन आपण ऐकून घेणार नाही. फाइव्ह पॉइंट्झच्या जागी आज उंच मनोरे उभे आहेत आणि ती चित्रे परत येणार नाहीत. पण क्षणभंगुर वस्तूलाही तिचा क्षण पुरता मिळाला पाहिजे, एवढे त्या पांढऱ्या भिंतीमुळे कायद्यात नोंदले गेले.