रग्बीत बरोबरी झाली तर विजेता कसा ठरतो? जाणून घ्या ‘सडन डेथ’चा नियम

रग्बी विश्वचषकाच्या बाद फेरीत ८० मिनिटांनंतर बरोबरी असेल, तर १०-१० मिनिटांची दोन जादा सत्रे होतात. तरीही कोंडी न फुटल्यास १० मिनिटांचा ‘सडन डेथ’: जो आधी गुण मिळवेल, तो जिंकला. तिथेही निकाल न लागल्यास गोलखांबांवर किक मारण्याची चुरस.

२००३ मध्ये सिडनीतील अंतिम सामना आधी १४-१४, मग १७-१७ असा अडला. ‘सडन डेथ’ला मिनिटही उरले नसताना डावखुऱ्या जॉनी विल्किन्सनने उजव्या पायाने ड्रॉप गोल मारला आणि इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला २०-१७ असे हरवले.

किकचा निकाल मात्र क्रूर. २००९ च्या हायनेकेन कप उपांत्य सामन्यात २६-२६ बरोबरीनंतर कार्डिफचा फॉरवर्ड मार्टिन विल्यम्सची किक हुकली. लेस्टर ७-६ ने अंतिम फेरीत. किक मारणे हे फॉरवर्डचे रोजचे कामच नव्हे!