ट्रक भाडेपट्ट्याने घ्यावा का? आधी हिशेब, मग सही



ऊस, कांदा, द्राक्षे यांचा हंगाम जवळ आला की अनेक घरांत एकच विचार सुरू होतो : दुसऱ्याला भाडे देण्यापेक्षा आपलीच गाडी का नसावी? मुलाला ड्रायव्हिंग येते, घरचा माल आहे, गावातला मालही मिळेल. रोख पैसा नसला तरी भाडेपट्ट्याने ट्रक देणारे भेटतात. विचार वाईट नाही. पण गाडीचा हप्ता बारा महिने चालतो आणि गाडीचे चाक मात्र बारा महिने फिरत नाही. सगळा प्रश्न इथेच आहे.

भाडेपट्टा म्हणजे काय?

कर्जावर गाडी घेतली तर सुरुवातीला पदरची रक्कम भरावी लागते, पण हप्ते फिटल्यावर गाडी आपली होते. भाडेपट्ट्यात सुरुवातीला कमी पैसा लागतो. मात्र मुदत संपली की गाडी बहुधा परत द्यावी लागते, म्हणजे भरलेले पैसे हे निव्वळ भाडे ठरते. मुदतीनंतर गाडी आपल्या नावावर होणार असे कोणी तोंडी सांगितले, तर ते करारात किमतीसह लिहून घ्या.

हिशेब असा मांडा

खालील आकडे समजुतीसाठी धरले आहेत. तुमच्या भागातले आकडे घालून हाच हिशेब घरी करा.

समजा, सहाचाकी ट्रकचे महिन्याचे भाडे 40,000 रुपये, ड्रायव्हरचा पगार 20,000, आणि विमा, कर, परमिट, पासिंग मिळून महिन्याला 10,000 रुपये. हा 70,000 रुपयांचा खर्च बांधलेला आहे.

आता चालता खर्च. डिझेल लिटरला 90 रुपये आणि गाडी लिटरला साडेचार किलोमीटर चालते असे धरले, तर किलोमीटरला 20 रुपये झाले. टायर, ऑइल, दुरुस्ती 6 रुपये, टोल व किरकोळ 4 रुपये. एकूण किलोमीटरला 30 रुपये.

महिन्यात 5,000 किलोमीटर गाडी फिरली. त्यातले 2,500 जाताना भरलेले, भाडे किलोमीटरला 60 रुपये, म्हणजे दीड लाख रुपये आले. परतताना गाडी रिकामी आली, तर चालता खर्चही दीड लाखच होतो. हातात शून्य, आणि बांधलेले 70,000 घरातून!

परतीच्या निम्म्या अंतराला 40 रुपये दराने माल मिळाला तर 50,000 रुपये उरतात, तरी 20,000 ची खोट आहेच. परतीचा पूर्ण माल मिळाला तर एक लाख उरतो आणि बांधलेला खर्च वजा जाता 30,000 रुपये शिल्लक राहतात. बघा, गाडीचा नफा जाण्याच्या भाड्यात नसून परतीच्या मालात असतो.

आता वर्षाचे पाहू. असे चांगले आठ महिने गेले तर 2,40,000 रुपये शिल्लक. पावसाळ्यात चार महिने गाडी उभी राहिली आणि ड्रायव्हरला सुट्टी दिली, तरी महिन्याला 50,000 प्रमाणे दोन लाख भरावेच लागतात. वर्षअखेर राहिले 40,000, म्हणजे दिवसाला साधारण 110 रुपये. मुलाने स्वतः गाडी चालवली तर ड्रायव्हरचा पगार घरात राहील. पण ती त्याच्या कष्टाची मजुरी झाली, तिला गाडीचा नफा समजू नका.

उसाच्या भरवशावर राहू नका

उसाचा गाळप हंगाम साधारण चार-पाच महिन्यांचा असतो. ऊस कमी असेल तर तोही लवकर आटोपतो. शिवाय तोडणी-वाहतुकीचा करार वाहतूकदार करतो, उचल त्याच्या नावावर पडते आणि ती तो मुकादमाला देतो. टोळी आलीच नाही, तर वसुली वाहतूकदाराकडून होते. गाडीचे भाडे आणि बुडालेली उचल, दोन्ही एकाच माणसाच्या गळ्यात पडतात.

सहीपूर्वी हे विचारा

1. गाडी बंद पडली तर त्या दिवसांचे भाडे माफ होते का? इंजिनचे मोठे काम कोणी करायचे?
2. मुदतीआधी गाडी परत केली तर किती रक्कम द्यावी लागेल? अनामत कधी व किती कापून परत मिळेल?
3. विमा, पासिंग, परमिट कोणाकडे? पासिंग गाडीला आठ वर्षे होईपर्यंत दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी करावे लागते.
4. गाडीवर कोणाचा बोजा, थकलेला कर किंवा जुनी ई-चलने आहेत का?
5. माल कोण देणार, आणि भाड्याचे पैसे किती दिवसांनी मिळणार? गाडी देणारा आणि माल देणारा एकच असेल, तर किमान ट्रिपा लेखी घ्या.

कायद्याचे भान

1988 च्या मोटार वाहन कायद्यात भाडेपट्ट्याची गाडी ज्याच्या ताब्यात, त्यालाच मालक धरले आहे. तेव्हा अपघात झाला तर 'गाडी माझी नाही' म्हणून सुटता येत नाही. विमा एक दिवसही चुकू देऊ नका. एकूण वजन 7,500 किलोपेक्षा जास्त असलेल्या मालगाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालत नाही. 2018 पासून सहाचाकी ट्रकची मालासह वजनमर्यादा वाढली. तरी आपल्या गाडीच्या नोंदणीपत्रावर लिहिलेले वजन तेच खरे. 2019 च्या दुरुस्तीनुसार जादा मालाला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. म्हणजे जादा माल भरून हप्ता काढू, हा हिशेब धरूच नये.

मग निर्णय काय?

वर्षातून किमान आठ-नऊ महिने माल नक्की असेल, परतीचा माल देणारे दोन-तीन ठिकाणचे आडते किंवा ट्रान्सपोर्टवाले ओळखीचे असतील, आणि तीन महिन्यांचा बांधलेला खर्च बाजूला काढलेला असेल, तर पुढे जा. नाहीतर एक हंगाम मुलाला दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून पाठवा. प्रत्येक ट्रिपची आवक-जावक वहीत लिहायला सांगा. ती वहीच पुढे खरा सल्ला देईल.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. गाडी परत देता येते, गेलेली जमीन परत येत नाही. भाड्याच्या गाडीपायी सातबारावर बोजा चढवू नका.